प्रयागकाकीच्या घरातली लाल टाकी

आमच्या कुडपणात हल्ली जो उठतो तो सांगत सुटतो की प्रयागकाकीने घर उडवायचंच बाकी ठेवलं होतं. परवा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर एका बाईने मला विचारलं, "ती बॉम्ब बांधणारी म्हातारी तुमच्याच गावची ना?" मी तिला तिथल्या तिथे अशी झापली की शेवटी कंडक्टरला मध्ये पडावं लागलं. मी अंगणवाडीची सेविका. दिवसभर लहान पोरांशी गोड बोलण्यात माझा सगळा गोडवा संपतो, मोठ्यांसाठी काही शिल्लक राहत नाही. आणि या प्रकरणात तर कुणाशी गोड बोलावं असं मला वाटतही नाही. म्हणून काय झालं ते एकदाचं लिहून टाकते.

काकी माझी तशी लांबची. माझ्या नवऱ्याची चुलत चुलती. पण घराला घर लागून आहे. तिच्या पडवीत कुणी शिंकलं तर माझ्या चुलीपाशी ऐकू येतं. मी लग्न होऊन आले त्या दिवशी सासूने माझं तोंड पाहिलं, आणि काकीने माझ्या हंड्याचं बूड पाहिलं. बोट फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "गळत नाय. चांगली हाय पोरगी."

तुम्ही खाली महाडात राहत असाल तर हे कळायचं नाही. पावसात आमच्याकडे इतकं पाणी की भिंतींना शेवाळ चढतं, आणि होळी झाली की एका हंड्यासाठी डोंगर उतरायचा. वरच्या झऱ्यापासून गावापर्यंत काळा पाइप टाकलेला आहे, पण तो कधी गुरांच्या पायाखाली येतो, कधी वणव्यात भाजतो, आणि भोक पडलं म्हणून पोलादपूरहून कुणी प्लंबर धावत येत नाही. मग गावाची रीत अशी की खैराची खुंटी तासायची, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि दगडाने ठोकून भोकात बसवायची. या कामात काकीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाइप फुटला की लोक ग्रामपंचायतीत नंतर जायचे, आधी काकीच्या दारात उभे राहायचे. ती साडीचा काष्टा खोचून डोंगर चढायची, खुंटी ठोकायची, कान लावून ऐकायची आणि थेंब थांबला की मगच उठायची. पाणी टिपकत असलेलं तिला बघवायचंच नाही. लेकरू रडत असलं आणि आपण नुसतं बसून राहिलो, असं तिला होई.

हे ध्यानात ठेवा, कारण ज्याला आता लोक वेडेपणा म्हणतात, त्यासाठी याच गावाने तिची आयुष्यभर पाठ थोपटली आहे.

गेल्या काही हिवाळ्यांपासून काकीची बोटं पांढरी पडायला लागली. थंडी लागली की आधी खडूसारखी पांढरी, मग निळी, आणि ऊब आली की अशी ठणकायची की ती ओठ चावून बसायची. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंग गरम ठेवायचं, थंडी लागता कामा नये. चुलीपाशी बसावं तर धुराने छाती भरते. विजेची शेगडी लावावी तर पठारावर वारा सुटला की वीज गेलीच, आणि ती कधी येईल ते वीजवाल्यांनाही माहीत नसतं.

तिचा एकुलता एक मुलगा रितेश नवी मुंबईत मोठ्या कंपनीत आहे, उलव्याला फ्लॅट आहे. तो वाईट नाही, हे आधीच सांगते, नाही तर म्हणाल वहिनी दिराच्या वाईटावर आहे. तळीयेवर दरड आली त्या पावसापासून मुंबईतल्या आमच्या सगळ्याच पोरांना डोंगर म्हटलं की धडकी भरते. आई तिकडे एकटी, या काळजीने त्याला झोप लागत नाही हे खरं. तो एकदा तिला घेऊनही गेला होता. थोड्याच दिवसांत ती परत आली. "काय झालं गो काकी?" मी विचारलं. तर म्हणाली, "तिथं दिवसभर माझ्याशी लिफ्ट तेवढी बोलते. हितं मला लोक हाका मारतात."

रितेश कंपनीच्या कामाने जर्मनीला जाऊन आला होता. तिथे घराघरात गरम पाणी पाइपांतून फिरवून खोल्या उबदार ठेवतात, ते त्याने पाहिलं होतं. त्याने ठरवलं, आईच्या घरात तसं करायचं. आणि आईला अटही घातली, "हा हिवाळा नीट गेला तर राहा इथे. काही गडबड झाली तर मी ऐकणार नाही, सरळ उलव्याला." काकीने मान डोलावली. तिचं सगळं त्या एका हिवाळ्यावर आलं.

काम घेतलं जुल्फिकारने. मूळचा दासगावचा, उमेदीची वर्षं कुवेतला पाइप फिटर म्हणून काढली, आता महाडात दुकान आहे. माणूस दिलदार, आवाज मोठा, अत्तर त्याहून मोठं. त्याचं प्रत्येक वाक्य "कुवेतला" या शब्दाने सुरू होतं. दोन हजार एकवीसच्या पुरात त्याचं दुकान पार बुडालं, तेव्हापासून तो प्रत्येक वस्तू छताला टांगतो. त्याच्या दुकानात माल बघायला मान वर करूनच फिरावं लागतं, असं आमचे हे म्हणतात. काकीच्या घरीही त्याने सगळं वाशांच्या जवळ नेऊन टांगलं. मी म्हटलं, "जुल्फीभाई, कुडपणला पूर आला तर महाड कुठं असेल?" तो हसला, पण एक खिळासुद्धा खाली आणला नाही.

मागच्या पडवीत त्याने लोखंडी भट्टी बसवली. तिच्यात लाकडं जाळायची, धूर धुराड्यातून बाहेर. भट्टीभोवतीचं पाणी तापतं आणि छोट्या पंपाने दोन्ही खोल्यांत भिंतीला लावलेल्या पोकळ लोखंडी रेडिएटरमधून फिरून परत येतं. वीज गेली तर पंपाला इन्व्हर्टर. काकी म्हणाली, "म्हणजे बंबच की."

"बंब नाय काकी," जुल्फिकारला राग आला. "बंबाला तोंड असतं. पाणी उकळलं, वाफ निघून गेली. ह्याला तोंड नाय, सगळं बंद. तापलं की पाणी फुगतं. फुगलेल्या पाण्यानं जायचं कुठं? त्याच्यासाठी ही टाकी. हिच्या पोटात रबराचा पडदा हाय. अलीकडं पाणी, पलीकडं हवा. पाणी फुगलं की हवा दबून जागा देते. निवलं की परत धाडते."

"माहेरच की ते," काकी म्हणाली. "फुगून यायचं, निवून जायचं."

आता ही टाकी निवडली कशी, ते ऐका. पनवेलच्या दुकानदाराने दोन लाल टाक्या पाठवल्या होत्या, एक ठेवा, एक परत करा म्हणून. एक गॅसच्या सिलिंडरएवढी, दुसरी कलिंगडाएवढी. त्याने फोनवर बजावलंही होतं की आगीवरचं काम आहे, मोठी लावा. सगळ्या पाइपांत मिळून पाणी किती, ते किती तापणार, वरचा पाइप किती उंचावर, एवढं धरून टाकी ठरते. हे मला आता तोंडपाठ आहे. पण त्या रविवारी काकीच्या ओटीवर यातलं काहीच कुणी धरलं नाही.

रितेश म्हणाला, "वहिनी, हा सिलिंडर भिंतीवर कसा दिसेल? लुक जाईल सगळा."

जुल्फिकार म्हणाला, "दुकानदाराला मोठा माल खपवायचा हाय. कुवेतला आख्ख्या बिल्डिंगच्या लायनी केल्या मी. एवढ्याशा घराला छोटी बास."

काकी म्हणाली, "लहानच बरी. पुसायला सोपी."

झालं. एकाने दिसण्यावरून, दुसऱ्याने तोऱ्यावरून आणि तिसरीने फडक्यावरून टाकी निवडली. मोठी त्याच टेम्पोतून परत गेली.

जाण्याआधी जुल्फिकारने रितेशला भट्टीच्या वरच्या पाइपावरचा एक पितळी व्हॉल्व्ह दाखवला. दाब लाल रेघेपर्यंत चढला तर हा आपोआप उघडतो आणि पाणी सोडून देतो, हा गळायला लागला तर समजायचं काहीतरी बिनसलंय आणि मला फोन करायचा. रितेशने त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला; मी तो पुष्कळ नंतर पाहिला. काकी तेव्हा दोघांसाठी चहा टाकत होती. घर तिचं, भट्टीत लाकडं तीच घालणार, आणि व्हॉल्व्हची माहिती गेली उलव्याला! चहाचे कप परत द्यायला आत जाताना दोघांपैकी एकाला तिला दोन शब्द सांगायला काय झालं होतं? तिला फक्त दाबाच्या मीटरचा काटा दाखवला होता. सकाळी काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली आला तर हा नळ उघडून पाणी भरायचं, एवढंच.

थंडी पडली आणि खरं सांगते, ते घर स्वर्ग झालं. काकीची बोटं गुलाबी राहू लागली. किती तरी दिवसांनी तिने सुईत दोरा ओवला आणि अर्धवट राहिलेली गोधडी काढली. दुपारी बायका वाती वळायला तिच्याकडेच जमायच्या. मी अंगणवाडी सुटली की पाय शेकायला जायचे. रितेशचा रोज व्हिडिओ कॉल यायचा, "आई, सगळं ओके ना?" आणि काकी फोनसमोर दहाही बोटं नाचवून दाखवायची.

मग थंडी वाढली, भट्टीत लाकडं जास्त पडू लागली आणि एक दिवस व्हॉल्व्ह टिपकायला लागला. भट्टी रंगात आली की टिप टिप, आणि सकाळी काटा खाली. काकी रोज हंड्यातलं पाणी भरायची आणि रोज तेच पाणी दुपारी जमिनीवर सांडताना बघायची. तिने खाली पातेलं ठेवलं, पण थेंबाचा आवाज ऐकून तिचा जीव वर-खाली व्हायचा.

मी म्हटलं, "जुल्फीभाईला फोन करते."

तिने माझा हातच धरला. "नको गो रेश्मा. त्याला सांगितलं म्हणजे रितेशला सांगितलं. गळतं म्हटलं की न्यायला येईल तो."

मग एके दिवशी टिपकायचं थांबलं. मी विचारलं तर म्हणाली, "थांबलं आपसूक." माझा विश्वास बसला. नव्या वस्तूचं काय, बसायला लागतो थोडा वेळ, असं मला वाटलं.

नाताळच्या सुट्टीत रितेश आला. वाटेत महाडहून जुल्फिकारला गाडीत घेऊनच आला, एकदा तपासून घेऊ म्हणून. मी भाकऱ्या घेऊन काकीकडे गेले होते. काकी खुशीत होती, पाव्हणे येणार म्हणून भट्टी चांगली भरलेली होती. जुल्फिकार पडवीत शिरला, त्याने वर काट्याकडे पाहिलं आणि ओरडला, "लाकडं ओढा! बाहेर व्हा सगळी!"

काटा लाल रेघ ओलांडून शेवटच्या खिळ्याला टेकला होता. जुल्फिकारने फावड्याने पेटती लाकडं अंगणात ओढली. मला आणि काकीला हाताने मागे सारलं. मग तोंडाला रुमाल बांधून खालचा नळ अगदी हळूहळू सोडला. गरम पाण्याचा असा फुत्कार निघाला की माझ्या हातातल्या भाकऱ्या खाली पडल्या. काटा उतरला तेव्हा त्याने वर पाहिलं. व्हॉल्व्हच्या तोंडात खैराची खुंटी. तिला ट्यूबची पट्टी. आणि ती निसटू नये म्हणून वरून तारेचे वेढे.

"या अल्ला! काकी, हे कुणी केलं?"

"मी," काकी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. "कसं बसलंय बघ. एक थेंब नाय."

पुढे जे झालं ते सांगताना अजून माझं डोकं तापतं. जुल्फिकार किंचाळत होता की भट्टी फुटली असती, भिंत पडली असती, काकीचं नखसुद्धा सापडलं नसतं. रितेश पांढरा फटक पडला होता. आधी तो घाबरला, मग रडवेला झाला, आणि मग चिडला. "आई, तू स्टुलावर चढलीस? एवढ्या उंच? तुला कळतंय का तू काय केलंस?" काकीला काहीच कळत नव्हतं. गळतं ते बंद करायचं, यात चूक काय, हेच ती आमच्या तोंडांकडे बघून शोधत होती. रितेश म्हणाला, "बस झालं. बॅग भर. आजच निघायचं."

ती लुगडी आवरायला आत गेली.

जुल्फिकार मान हलवत म्हणाला, "म्हातारं माणूस एकटं ठेवलं की असं होतं, रितेशभाऊ. त्यांना काय समजतं?" आणि बोलता बोलता त्याने सवयीने टाकीवर बोटाने टकटक केलं. खाली वाजवलं, वर वाजवलं. परत वाजवलं. सगळीकडून भरल्या हंड्यासारखा जड आवाज. हवेला जागाच उरली नव्हती. त्याचा आवाज एकदम बसला. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते.

मी विचारलं, "जुल्फीभाई, पण ते गळत कशानं होतं?"

"व्हॉल्व्ह हाय, गळणारच."

"रोज? नवा कोरा?"

"कचरा अडकला असेल."

"रोज भट्टी तापल्यावरच अडकायचा काय कचरा?"

"रेश्माताई, मला शिकवू नका," तो म्हणाला, आणि पाना उगाच पिशवीत घातला, परत काढला. मला असा संताप आला! या माणसाला समजलेलं आहे, आणि हा खुंटीच्या आड लपतोय. आत एक बाई आपली लुगडी घडी करतेय, आणि हा पान्याशी खेळतोय! मी तोंड उघडणार, एवढ्यात काकीच बाहेर आली. माझ्याकडे नाही, रितेशकडे नाही, सरळ जुल्फिकारकडे गेली.

"जुल्फिकार, तुझ्या मशीनला मी बट्टा लावला रे. कुणी विचारलं तर सांग, म्हातारीनं बिघडवली. मशीन चांगली हाय. माझी बोटं बघ."

तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

जुल्फिकारने ते हात पाहिले आणि पाना खाली ठेवला. मग रितेशकडे वळला. एवढा मोठा आवाज त्याचा, पण आता आम्हाला कान द्यावा लागला. "रितेशभाऊ, चूक माझी हाय. टाकी लहान पडली. तिकडं मी एसीच्या लायनी केल्या, थंड पाण्याच्या. थंड पाणी फुगणार किती? छोटी टाकी पुरायची. हितं खाली आग हाय. पनवेलवाल्यानं सांगितलं, मी ऐकलं नाय. टाकी भरली म्हणून व्हॉल्व्ह रोज पाणी सोडत होता. आणि तो कशासाठी हाय, ते काकींना मी सांगितलंच नाय."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझा राग निम्मा उतरला. दासगावपासून कुडपणपर्यंत या माणसाने कधी चूक कबूल केल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

रितेशने सुटकेचा श्वास सोडला आणि चक्क हसला. "अहो, जाऊ द्या जुल्फीभाई. माणूस आहे, चुकतो. मोठी टाकी मागवा आणि लावून टाका. लुकचं राहू दे. आणि व्हॉल्व्हला एक पाइप जोडून खाली आणा, म्हणजे पाणी बादलीत पडेल." त्याने जुल्फिकारच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्यावर मिटलं. ज्याच्या टाकीने भट्टी फुटायची वेळ आणली, त्याला पाणी विचारलं, खुर्ची दिली. काकी सगळं ऐकून बॅग आणायला परत आत गेली होती; आत तोंड करून रितेश म्हणाला, "आई, झाली का गं बॅग? अंधार पडायच्या आत घाट उतरायचाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायची पाळी माझी नव्हती. काकी बॅग घेऊन दारात आली होती. तिने ती उंबऱ्यावर ठेवली आणि मुलाकडे नीट बघितलं.

"त्याची चूक झाली तर टाकी बदलायची. माझी चूक झाली तर मलाच हलवायची काय रे?"

रितेश म्हणाला, "आई, तसं नाही... तुझ्या काळजीपोटी..."  काकीने त्याचं वाक्य पुरं व्हायची वाट पाहिली नाही. तिने खाटेजवळचं स्टूल ओढलं, जुल्फिकारच्या समोर ठेवलं आणि त्यावर बसली.

"हं, सांग आता. हा व्हॉल कशासाठी हाय? अन् रितेशला नको सांगू. मला सांग."

जुल्फिकारने वरचा व्हॉल्व्ह सोडवून तिच्या तळहातावर ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. रितेश खाली वाकला, उंबऱ्यावरची बॅग उचलून आत नेऊन ठेवली, आणि आईच्या मागे उभा राहून ऐकू लागला.